आर्डमोरची प्रदक्षिणा: आई, तिचे दोन नवे गुडघे आणि 4 किलोमीटर

आधीच सांगते, हा काही ट्रेक वगैरे नाही. आर्डमोर क्लिफ वॉक म्हणजे आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, वॉटरफोर्ड काउंटीतल्या एका छोट्याशा गावातून निघायचं, समुद्राच्या कड्याकडेने फिरायचं आणि गोल फिरून परत त्याच गावात यायचं. साधारण 4 किलोमीटर. इथली माणसं कुत्र्याला घेऊन तासाभरात उरकतात. आम्हाला 2 तास 40 मिनिटं लागली, आणि तयारी धरली तर साडेतीन महिने. लिहितेय ते एवढ्यासाठीच की गुडघे बदललेल्या आईबाबांना इकडे आणायचं आणि चार भिंतींच्या बाहेर काहीतरी दाखवायचं असं ज्यांच्या मनात आहे त्यांना मी जे रात्री जागून शोधत बसले होते ते एका जागी मिळावं.

आई 67 वर्षांची. माहेर गुहागरकडचं, सासर सांगलीचं. दोन्ही गुडघे 2021 मधे बदलले. बाबा 2022 मधे गेले, त्यानंतर ती घराबाहेर फारशी पडतच नव्हती, नरसोबाच्या वाडीला जायची तेवढंच. मी कॉर्कमधे 6 वर्षं आहे आणि दर वर्षी "पुढच्या वर्षी येते" ऐकत होते. 2024 च्या जानेवारीत ती अचानक फोनवर म्हणाली, येते. मग मात्र मी तिला विचार बदलायला वेळ दिला नाही.

व्हिसाबद्दल थोडक्यात. आयर्लंड शेंगेनमधे (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात) नाही, त्यामुळे शेंगेन व्हिसावर इथे येता येत नाही, वेगळाच काढावा लागतो. लहान मुक्कामाचा व्हिसा जास्तीत जास्त 90 दिवसांचा, एकदाच प्रवेशाची फी 60 युरो, ती रुपयात भरायची, आणि प्रवासाच्या तारखेच्या फार तर 3 महिने आधी अर्ज करता येतो. आम्ही 4 मार्चला ऑनलाइन फॉर्म भरला, शेवटी जो सारांशाचा कागद निघतो त्याची प्रिंट काढून सही करायची असते हे विसरू नका, आईने ती घरीच ठेवली होती आणि मुंबईला निघताना एसटी स्टँडवरून माघारी गेली. 12 मार्चला मुंबईत कागद दिले.

खरी डोकेदुखी म्हणजे भाषांतरं. माझा जन्मदाखला मराठीत, सातबारा मराठीत, आणि जे इंग्रजीत नाही त्याचं भाषांतर जोडावंच लागतं. त्यात दाखल्यावर आईचं नाव एका तऱ्हेने, पासपोर्टवर दुसऱ्या तऱ्हेने, त्यासाठी ॲफिडेविट. चार कागदांची भाषांतरं आणि ॲफिडेविट मिळून 2,900 रुपये गेले. सातबारा कशाला असं आई विचारत होती. एकटी बाई मुलीकडे निघालीय, परत कशावरून जाईल, हे त्यांना कागदावर दिसावं लागतं, म्हणून सातबारा, फॅमिली पेन्शनचा कागद, 6 महिन्यांचं बँक स्टेटमेंट. शिवाय माझं निमंत्रणपत्र, माझ्या आयआरपी कार्डाची (इथे राहायच्या परवान्याचं कार्ड) कॉपी, पगाराच्या स्लिपा. मग वाट. सहा आठवडे काही नाही. मी रोज वेबसाइटवर निर्णयांची यादी उघडून अर्जाचा नंबर शोधायचे, आई मात्र निवांत, "नाही मिळाला तर वाडीला जाईन." 24 एप्रिलला पासपोर्ट आला, व्हिसासकट.

2 जूनला ती दुबईमार्गे डब्लिनला उतरली. तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवली होती (तिला राग आला होता, "मी काय लुळी आहे का") पण ते बरंच झालं, गुडघ्यातल्या धातूमुळे प्रत्येक ठिकाणी मशीन वाजतं आणि उभं राहावं लागतं. डॉक्टरांचं ऑपरेशनचं पत्र हँडबॅगेत वरच ठेवा, आत बॅगेच्या तळाशी नको.

आता चालण्याकडे येते. आर्डमोरच का, तर मला तीन गोष्टी हव्या होत्या: समुद्र पाहिजे, वाट छोटी पाहिजे, आणि वाटेत दगडावर चढउतार करायला लागू नये. इथले प्रसिद्ध कडे सगळे लांब किंवा प्रचंड गर्दीचे. आर्डमोर कॉर्कपासून दीड तासावर. आईला नकाशा दाखवला आणि लूप वॉक म्हणजे काय ते समजवायला लागले, की आई, इथून निघायचं, असं असं जायचं, आणि परत इथेच... ती म्हणाली, "प्रदक्षिणा म्हण की मग सरळ." आणि मग तिने एक प्रश्न विचारला जो मला आयुष्यात सुचला नसता: उजवीकडून का डावीकडून? मी परत नकाशा बघितला. गाव टेकाडाच्या उत्तरेला, तिथून पूर्वेला निघायचं, दक्षिणेच्या टोकाला वळसा घालायचा आणि पश्चिमेकडून वर गावात. म्हणजे घड्याळाच्या काट्यासारखं, समुद्र डाव्या हाताला, जमीन उजव्या हाताला. "मग बरोबर आहे," आई म्हणाली, आणि तो विषय संपला. नंतर वाचलं तर आयर्लंडमधेही पवित्र विहिरींभोवती फेऱ्या मारायची जुनी रीत आहे आणि त्याही उजवीकडूनच मारतात, आयरिशमधे त्याला देशल म्हणतात. मी सहा वर्षं इथे राहून मला हे माहीत नव्हतं.

तयारी म्हणून दोन आठवडे आम्ही रोज संध्याकाळी ब्लॅकरॉकच्या जुन्या रेल्वेलाइनवर चालायला जात होतो, ती आता सपाट डांबरी वाट आहे, सायकलवाले सांभाळायचे फक्त. पहिल्या दिवशी 1 किलोमीटर, मग दीड, शेवटी 3. इथे जूनमधे रात्री 10 पर्यंत उजेड असतो त्यामुळे ऑफिसनंतरही वेळ मिळतो. चालायच्या काठ्यांची जोडी 25 युरोला घेतली. पहिले दोन दिवस आईने त्या काखेत धरून नेल्या. बूट तिचेच, सांगलीत घेतलेले स्पोर्ट्स शूज, नवीन बूट घेऊन लगेच चालायला नेऊ नका, फोड येतात. साडीचा प्रश्न होता. आई म्हणत होती साडीवरच येते, मी म्हंटलं कड्यावरचा वारा म्हणजे शिडात भरतो तसा पदरात भरेल, मग ती सलवार-कमीजला तयार झाली, आणि वरून माझं वाऱ्यापावसाचं जॅकेट. या जॅकेटचा विषय पुढे येणारे.

15 जूनचा शनिवार ठरवला होता तो रद्द केला. हवामान खात्याचं ॲप बघत होते, पावसाचं एवढं काही नाही, पण वारा जोरात दाखवत होते. माझा नियम असा केलाय की पाऊस चालेल, वारा नाही. मेट एरन, म्हणजे इथलं हवामान खातं, पिवळा, केशरी, लाल असे इशारे देतं, कड्यावर जायचं असेल तर मी पिवळ्यालाही घरी बसते, कड्यावर काही पराक्रम करायला कोणी सांगितलेलं नाही. मग 22 जून.

गाडीचं म्हणाल तर मी अजून लर्नर परमिटवर आहे. भारतीय लायसन्स इथे बदलून मिळत नाही, सगळं पहिल्यापासून, लेखी परीक्षा, सक्तीचे लेसन, मग टेस्ट, आणि तोपर्यंत शेजारी पूर्ण लायसन्सवालं माणूस बसल्याशिवाय चालवायची नाही. त्यामुळे बस. कॉर्कच्या पार्नेल प्लेसवरून 260 नंबर. पण लक्ष द्या, यातल्या बऱ्याच गाड्या मधल्या गावापर्यंतच जातात, ते गाव म्हणजे Y पासून सुरू होणारं, उच्चार यॉल, स्पेलिंगवर जाऊ नका. आर्डमोरपर्यंत जाणाऱ्या दिवसात मोजक्याच. वेळापत्रक आदल्या रात्री बघा, आणि शनिवारचं बघताय ना तेही बघा. मी परतीचं बघताना रविवारच्या रकान्यात बघितलं होतं. लीप कार्ड (आधी पैसे भरून ठेवायचं बसचं कार्ड) घ्या, रोख पैशांपेक्षा स्वस्त पडतं. दोघींचं जाऊन येऊन, खाणंपिणं सगळं धरून दिवसाचे 50 युरोच्या आत झालं. चालायला तिकीट नाही.

सकाळी सव्वाअकराच्या सुमारास उतरलो. गाव म्हणजे एक मुख्य रस्ता, रंगीत घरं, काही गवताच्या छपरांची, आणि समोर लांबलचक वाळू. पाणी खूप आत गेलेलं. आई रस्त्यातच उभी राहिली आणि म्हणाली, "सुकती आहे. काल पुनव झाली ना, उधाण असणार. संध्याकाळी बघ पाणी कुठपर्यंत येतं ते." मी हूं हूं केलं. माझं लक्ष टॉयलेट कुठे आहे याच्याकडे. काल वटपौर्णिमा होती हे माझ्या तेव्हा डोक्यात आलं. तिने दिवसभर विषय काढला नव्हता, मीही काढला नाही.

किनाऱ्याच्या त्या टोकाला सेंट डेक्लनचा दगड आहे, दोन लहान खडकांवर टेकलेला एक मोठा धोंडा, खाली पोकळी. डेक्लन हा इथला संत, पाचव्या शतकातला मानतात, सेंट पॅट्रिकच्याही आधी इथे ख्रिस्ती धर्म आणला असं इथले लोक अभिमानाने सांगतात. त्याची घंटा वेल्सला राहिली होती आणि ती या दगडावर बसून समुद्रावरून तरंगत आली, जिथे दगड लागला तिथे त्याने मठ केला, अशी कथा. आईला सांगितली तर तिला जराही आश्चर्य वाटलं नाही. "रामाचे नाही का तरंगले." आणि आम्ही ज्या टोकाला वळसा घालणार होतो त्याचं नाव नकाशावर रॅम हेड, ते तिने मोबाइलवर "राम हेड" वाचलं, मी दुरुस्त केलं नाही. दगडाच्या खालून सरपटत गेलं की पाठदुखी, संधिवात जातो असं मानतात. मी म्हंटलं येताना बघू, आधी चालून घेऊ, तू ताजी आहेस तोवर. ही चूक. ओहोटी असेल तर दगड आधी बघा.

पहिला चढ गावाच्या शेवटी, क्लिफ हाउस हॉटेलच्या बाजूने, डांबरी आहे पण चांगलाच उभा. मला तर वाटतं अख्ख्या वाटेत अवघड असं हेच, म्हणजे इथे दम लागला म्हणून परत फिरू नका, पुढे सोपं आहे. आम्ही तीनदा थांबलो. चढताना गुडघ्यांना त्रास कमी, दमच लागतो, त्रास उतरताना. तिथून तपकिरी पाट्यांवर पिवळे बाण सुरू होतात, चुकायची सोयच नाही.

पाचेक मिनिटांत डेक्लनची विहीर आणि पडक्या चर्चच्या भिंती. म्हातारपणी गावचा गलबला नको म्हणून संत इथे एकांतात येऊन राहिला म्हणे. विहीर म्हणजे आपल्यासारखी विहीर नाही, दगडी बांधकामात खाली पाण्याचा झरा, वर जुने दगडी क्रूस, आणि लोकांनी खड्याने घासून घासून काढलेल्या क्रूसाच्या खुणा. आईने बूट काढायला सुरुवात केली. मी म्हंटलं अगं इथे काढत नाहीत. ती म्हणाली न काढायला काय झालं. काठ्यांवर रेलून एक पाय, मग दुसरा, मोजे तेवढे ठेवले कारण दगड गार होते. हात पाण्याला लावला, डोळ्यांना लावला. परत बूट घालायला दहा मिनिटं गेली कारण बसायला उंच जागा नव्हती आणि खाली बसलं की उठता येत नाही. शू हॉर्न, लांब दांड्याचा, बॅगेत असू द्या, हसू नका.

विहिरीनंतर डांबर संपतं, मातीची पायवाट, एका बाजूला शेतांचं कुंपण आणि दुसऱ्या बाजूला कडा. आता इथे माझं खरं सांगते, मला उंचीची भीती वाटते, आईला नाही. मी तिला उजव्या हाताला, कुंपणाच्या बाजूला ठेवलं होतं आणि स्वतः समुद्राच्या बाजूला, आणि जिथे वाट दोघींपुरती रुंद नव्हती तिथे तिला पुढे घालून मागून तिच्या जॅकेटची टोपी धरून चालत होते, बकरीची दोरी धरावी तशी. तिला कळलं तेव्हा ती म्हणाली मला धरतेयस का मला धरून चालतेयस. वाट धोक्याची नाही, पण काठाच्या गवतावर फोटोसाठी जाऊ नका, खाली माती पोकळ असू शकते. काही झालंच तर 112 किंवा 999, आणि कोस्ट गार्ड मागायचं, पोलीस नाही.

थोडं पुढे कड्याखाली एक गंजलेला सांगाडा दिसतो. सॅमसन नावाची क्रेनची बार्ज, म्हणजे दुसऱ्या बोटीने ओढून न्यायचा सपाट तराफा, डिसेंबर 1987 मधे लिव्हरपूलहून माल्टाला ओढत नेत असताना वादळात दोर तुटला आणि इथे येऊन आपटली. तेव्हापासून तिथेच. किटीवेक नावाचे समुद्रपक्षी आसपासच्या कड्यांवर राहतात, त्यांचा कालवा इतका की बोलणं ऐकू येत नाही. आई सांगाड्याकडे बराच वेळ बघत होती. तिच्या लहानपणी काकांचा मचवा बुडाला होता ती गोष्ट मी पहिल्यांदा तिथे ऐकली, म्हणजे बुडाला होता हे माहीत होतं, पण त्या रात्री आजी दिवा घेऊन पुळणीवर किती वाजेपर्यंत उभी होती हे नव्हतं माहीत. आम्ही तिथल्या एका दगडावर दशम्या आणि लसणीची चटणी खाल्ली.

मग वास. आई म्हणाली खोबरं कोण भाजतंय. मला वाटलं आता हिला भास व्हायला लागले. पण ती गॉर्सची झुडपं, काटेरी, पिवळ्या फुलांची. त्या फुलांना खरंच खोबऱ्यासारखा वास येतो, बहर एप्रिल-मेमधे असतो पण तुरळक फुलं होती. मी या झुडपांवरून कितीदा गेले असेन, कधी नाक लावलं नव्हतं.

टोकाला दुसऱ्या महायुद्धातली टेहळणीची छोटी खोली आहे, काँक्रीटची, रिकामी. आयर्लंड युद्धात नव्हतं तरी किनाऱ्यावर अशा चौक्या बांधून माणसं आळीपाळीने बसून येणारीजाणारी जहाजं, विमानं वहीत टिपत. वारा तिथे सगळ्यात जास्त. त्यानंतर वाट जमिनीकडे वळते आणि शेतांतून हळूहळू गावाकडे, इथलं विशेष काही सांगण्यासारखं नाही, गायी आहेत.

शेवटी गोल मनोरा. बाराव्या शतकातला, सुमारे 30 मीटर उंच, वर निमुळता होत गेलेला आणि टोकाला दगडी शंकू. दार जमिनीपासून खूप उंचावर, आत जाता येत नाही. आयरिशमधे अशा मनोऱ्याला घंटाघर म्हणतात. शेजारी छप्पर नसलेलं कॅथेड्रल, त्याच्या पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर कमानींच्या ओळीत बायबलमधल्या गोष्टींची झिजलेली शिल्पं, ॲडम आणि ईव्ह, सॉलोमनचा न्याय. आत दोन ओघम दगड, कडेवर नुसत्या रेघा कोरलेली जुनी लिपी. आणि बाहेर स्मशानात एक बुटकी दगडी खोली, तिथे संताला पुरलंय असं मानतात. तिकडची माती लोक घरी न्यायचे, आजारपणात उपयोगी म्हणून. आई म्हणाली अंगारा. इथे उघड्यावर थडगी आहेत, लोकांची माणसं आहेत, जरा हळू बोला, आणि थडग्यांवर बसू नका, आम्हाला दोघींना फार मोह होत होता.

मनोऱ्यापासून गावात उतार. या उतारावर आईचा उजवा गुडघा बोलायला लागला. काठ्या थोड्या लांब करून पुढे टेकवायच्या, पाऊल आडवं टाकायचं, फिजिओने सांगितलेलं सगळं केलं. खाली पोचलो तेव्हा घड्याळात 2 तास 40 मिनिटं. कॅफेत सूप मागवलं, शाकाहारी असेल तर स्टॉक कशाचा ते नक्की विचारा, बटाट्याच्या सूपमधे चिकनचा स्टॉक असू शकतो. आम्ही विचारलं, भाजीचाच होता. सोबत ब्राउन ब्रेड, आईचं मत "नाचणीच्या भाकरीला लोणी जास्त झालंय असं."

मग बस गेली. म्हणजे मी धरली होती ती वेळ रविवारची, शनिवारची गाडी आधीच गेलेली, पुढची यायला पावणेदोन तास. मला रडू यायचं बाकी होतं. आई म्हणाली चल दगड बघू.

दगड पाण्यात होता. अर्धा, आणि बघता बघता अजून. उधाण म्हणजे काय ते सकाळी बघितलेल्या वाळूवरून कळलं, जवळपास काहीच उरली नव्हती. तिथे बाकावर एक आजी बसल्या होत्या, त्यांना मी विचारलं दगड परत कधी उघडा पडेल, त्या म्हणाल्या रात्री, आणि वर त्यांनी सांगितलं की तसंही जपून, अंगावर दुसऱ्याचे कपडे असले तर त्या दगडाखालून जाता येत नाही, माणूस अडकतं असं जुने लोक म्हणायचे. मी आईला मराठीत सांगितलं. तिने तिच्या अंगातल्या माझ्या जॅकेटकडे बघितलं.

"मग बरं झालं भरती आली," ती म्हणाली. "नाहीतरी डॉक्टरांनी गुडघे टेकायचे नाहीत म्हणून सांगितलंय."

मग ती त्या आजींच्या शेजारी बसली. मी बसचं वेळापत्रक परत एकदा, यावेळी शनिवारचं, बघत उभी राहिले. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. थोड्या वेळाने वळून बघितलं तर आई काठीने पाण्याकडे काहीतरी दाखवत होती आणि त्या आजी मान हलवत होत्या, आणि उरलेली दशमी दोघींमधे बाकावर उघडी पडली होती.